उजेड कुठून येतोय?

दिवाळी अंक आता दोन वाटांनी घरात येतो. एक पेपरवाल्याच्या पिशवीतून, दुसरी व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफमधून. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा वाचणाऱ्याला उजेडाची एकच काळजी होती: पुरेसा आहे का? पडद्यावर वाचणाऱ्याला आणखी दोन आहेत. जास्त तर नाही ना, आणि येतोय कुठून?

पुण्यातल्या बिबवेवाडीत हा प्रश्न रोज पडतो, कारण इथे सोसायट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. दुपारी ऊन तळजाईच्या टेकडीकडे कललं की आमची पूर्वेची गॅलरी सावलीत जाते आणि समोरच्या इमारतीची पांढरी भिंत लख्ख उजळते. कठड्याला पाठ करून मोबाइल उघडला, की अक्षरांऐवजी ती भिंत दिसते. ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी फारसा फरक पडत नाही. हिशोब सोपा आहे. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीची तेजस्विता सहज १०,००० निट्सच्या पुढे जाते. मोबाइलची काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के परत फेकते, म्हणजे ४०० निट्स. आता पडदा स्वतः ५०० निट्स देत असेल, तर पांढरा भाग ९०० आणि काळं अक्षर ४००. दोन्हींतला फरक जेमतेम सव्वादोन पट. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी किमान साडेचार पट फरक मागितला आहे.

मग तोंड रस्त्याकडे करून बसावं का? तसं केलं की पडद्यात घरातला अंधार उमटतो, अक्षरं ठसठशीत होतात. पण मोबाइलच्या मागे ती भिंत डोळ्यांत घुसते. म्हणून खुर्ची गॅलरीशी काटकोनात ठेवायची, उजेड बाजूने घ्यायचा. फुकटातला उपाय आहे, बहुधा म्हणूनच कुणी करत नाही.

किंडलसारख्या वाचनयंत्राचं गणित नेमकं उलटं. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कॅप्सूल असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. विजेने हवे ते कण वर ओढले की अक्षर उमटतं, आणि मग ते टिकून राहायला वीज लागत नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली; २००४ मध्ये सोनीचं ‘लिब्रिए’ जपानमध्ये आलं आणि २००७ मध्ये अमेरिकेत किंडल. हा पडदा स्वतः उजेड देत नाही, आलेला परतवतो. त्यामुळे भर उन्हात गच्चीवर तो कागदासारखा खुलतो. मोबाइल मात्र मे महिन्यात तिथे तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी ब्राइटनेस आपणच उतरवतो.

पण संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यात हेच यंत्र केविलवाणं दिसतं. चांगला छापील कागद पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत देतो, ई-इंक त्याच्या जवळपास निम्माच. वाचायला ३०० ते ५०० लक्स उजेड असावा असं मानतात. आपल्या घरातल्या एकुलत्या ट्यूबखाली, तीही भिंतीवर उंच, कोपऱ्यात पन्नास मिळाले तरी पुष्कळ. तिथे ई-इंकचं ‘पांढरं’ म्हणजे मळकट राखाडी. २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटमध्ये कडेच्या एलईडींचा उजेड पानावर पसरवायची सोय आली, ती याच दुखण्यावर.

उजेड बिघडला की आधी बळी जातो तो देवनागरीतल्या बारीक खुणांचा. फरक कमी झाला की मोठे आकार तग धरतात, बारीक तपशील विरतात. शिरोरेषा दिसत राहते, पण ‘मेल’ आणि ‘मैल’ सारखेच वाटू लागतात, अनुस्वार गायब होतो, ‘घ’ आणि ‘ध’ अंदाजाने वाचावे लागतात. पहिल्या किंडलवर एका इंचात १६७ ठिपके होते. आज ३०० असतात, आणि मराठीला त्याचा इंग्रजीपेक्षा जास्त फायदा आहे असं माझं मत. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आली. पीडीएफचं दुखणं मात्र कायम आहे: छपाईसाठी लावलेलं अख्खं पान सहा इंचांत कोंबलं की भर दुपारचा उजेडही कामी येत नाही.

रात्री दिवा मालवून डार्क मोड लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. पडदा उजळ असला की बाहुली आकसते आणि अक्षराच्या कडा धारदार दिसतात. काळ्या पडद्यावर ती पसरते. २०१३ साली जर्मन संशोधकांनी तरुण आणि वयस्क दोघांवर प्रयोग केला, तेव्हा पांढऱ्यावर काळं वाचताना दोघांचीही कामगिरी सरस ठरली. शिवाय बरेच ओएलईडी पडदे मंद होतात ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून. काहींचं डोकं त्यानेच चढतं. झोपेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या १२ जणांच्या एका अभ्यासात निजण्यापूर्वी उजळ टॅबलेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचताना लागली त्याहून सरासरी दहाएक मिनिटं उशिरा झोप लागली. तेव्हा खोलीतला छोटा दिवा चालू ठेवावा आणि पडदा त्याला जुळेल इतकाच उजळ करावा.

ज्येष्ठांची गोष्ट वेगळी. साठीत बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड आत पोचतो. ‘आजोबा, ब्राइटनेस कमी करा, बॅटरी संपेल,’ असं नातवंडांनी सांगण्यात अर्थ नाही. उलट त्यांचा मोबाइल एकदा हातात घेऊन पाहावा. उजेड मोजणारा सेन्सर बहुतेक मोबाइलमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला असतो, आणि आजोबांच्या फ्लिप कव्हरची सावली पडते ती बरोबर त्याच्यावर. मोबाइलला वाटतं खोलीत अंधार आहे, आणि तो पडदा आणखी मंद करतो.