नाव एक, आजार अनेक : मेड्युलोब्लास्टोमाच्या वर्गीकरणाची शंभर वर्षे

लहान मुलाचा चालताना तोल जाऊ लागतो. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखते, उलट्या होतात. ही लक्षणे पोटाच्या किंवा डोळ्यांच्या विकाराची समजून काही आठवडे निघून जातात आणि पुढे तपासणीत लहान मेंदूमध्ये गाठ असल्याचे निष्पन्न होते. बालवयात आढळणाऱ्या अशा घातक गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा या अर्बुदाचे स्थान प्रमुख आहे.

या अर्बुदाला नाव मिळून २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. मात्र ज्या पेशीवरून हे नाव देण्यात आले, ती पेशी आजवर कोणालाही सापडलेली नाही. एका नावाखाली मोडणारा हा आजार प्रत्यक्षात अनेक आजारांचा समूह आहे, हे समजण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली. वर्गीकरणाचा हा इतिहास केवळ नावांचा नाही. कोणत्या मुलाला किती तीव्र उपचार द्यावयाचे, हा निर्णय त्यावर अवलंबून राहिला आहे.

गृहीत पेशीचे नाव

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेंदूच्या बहुतेक गाठी ‘ग्लायोमा’ या एकाच सदरात टाकल्या जात. अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांची सुसंगत मांडणी करण्यास सुरुवात केली. गर्भावस्थेत मेंदूच्या पेशी ज्या टप्प्यांतून विकसित होतात, त्यांपैकी कोणत्या टप्प्यावरील पेशीशी गाठीचे साम्य आहे, हा त्यांचा निकष होता.

लहान मेंदूच्या मध्यभागी वाढणाऱ्या, अत्यंत अपक्व आणि दाटीवाटीने असलेल्या पेशींच्या गाठीचे वर्णन त्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. चेतापेशी व आधारपेशी या दोन्हींना जन्म देऊ शकणारी ‘मेड्युलोब्लास्ट’ ही मूळ पेशी गर्भाच्या मेंदूत असावी, असे त्यांनी गृहीत धरले आणि गाठीला मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिले. १९२६ मधील त्यांच्या ग्रंथाने मेंदूच्या अर्बुदांच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया घातला. गृहीत पेशीचा पुरावा मात्र पुढेही मिळाला नाही. नाव तेवढे रूढ झाले.

त्या काळी या निदानाचा अर्थ बहुधा मृत्यू असाच होता. १९३० मध्ये कुशिंग यांनी आपल्या ६१ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा तीन वर्षांनंतर हयात असलेला रुग्ण केवळ एक होता.

उपचार पुढे, वर्गीकरण मागे

हे अर्बुद मेंदूभोवतीच्या द्रवातून मज्जारज्जूपर्यंत पसरते. त्यामुळे केवळ गाठ काढणे पुरेसे ठरत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडिथ पॅटरसन आणि फार यांनी संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूला किरणोपचार देण्याची पद्धत अवलंबिली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते.

या यशाची किंमतही मोठी होती. वाढत्या मेंदूवर पडणाऱ्या किरणांमुळे बुद्धीचा विकास, शिक्षण, उंची आणि संप्रेरकांचे कार्य यांवर कायमचा परिणाम होतो. साहजिकच, कोणत्या मुलाला कमी मात्रा पुरेशी आहे हे ठरविण्याची निकड निर्माण झाली.

१९६९ मध्ये चँग यांनी गाठीचा आकार आणि प्रसार यांवर आधारित टप्पे मांडले. पुढे रुग्णाचे वय, शस्त्रक्रियेनंतर शिल्लक राहिलेली गाठ आणि प्रसार यांच्या आधारे ‘सामान्य जोखीम’ व ‘अधिक जोखीम’ असे दोन वर्ग रूढ झाले. थोरल्या मुलांमध्ये अधिक जोखमीच्या वर्गासाठी मेंदू व मज्जारज्जूला साधारणतः ३६ ग्रे, तर सामान्य जोखमीसाठी केमोथेरपीच्या जोडीने २३.४ ग्रे एवढी मात्रा प्रचलित झाली. तथापि, सारखी जोखीम ठरविलेल्या दोन मुलांपैकी एक बरे होई आणि दुसऱ्याचा आजार उलटे. याचे कारण सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हते.

एकत्र करावे की वेगळे?

दरम्यान मूळ नावावरच वाद सुरू झाला. जी पेशी सापडत नाही, तिचे नाव का वापरावे, असा प्रश्न होता. १९८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील विकृतिशास्त्रज्ञ लुसी रॉर्क यांनी मेंदूत कोठेही उद्भवणाऱ्या अशा अपक्व पेशींच्या गाठी ‘प्रिमिटिव्ह न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर’, म्हणजेच ‘पीनेट’, या एकाच नावाखाली आणाव्यात, असा प्रस्ताव मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी एकसारख्या दिसत, हे त्यांचे निरीक्षण योग्य होते. दिसण्यातील साम्य म्हणजे उगमातील साम्य काय, यावर मात्र तज्ज्ञांमध्ये पुढील सुमारे दोन दशके मतभेद राहिले.

फळमाशीकडून मिळालेला धागा

उत्तराचा एक धागा अनपेक्षित ठिकाणाहून आला. फळमाशीच्या गर्भविकासाचा अभ्यास करताना १९८० मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशॉस यांनी ‘हेजहॉग’ या जनुकाची नोंद केली होती. त्यात बिघाड झाला की अळीचे अंग काट्यांसारख्या केसांनी भरून जाते, म्हणून हे नाव. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९९५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मेड्युलोब्लास्टोमाचा धोका वाढतो. या विकाराला कारणीभूत असलेले ‘पॅच्ड’ जनुक हेजहॉगच्याच संदेशसाखळीतील असल्याचे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. त्याआधी १९९५ मध्ये, आतड्यातील गाठी आणि मेड्युलोब्लास्टोमा एकत्र आढळणाऱ्या कुटुंबांमध्ये ‘एपीसी’ या जनुकातील दोष सापडला होता. हे जनुक ‘विंट’ या वेगळ्या संदेशसाखळीतील आहे. गाठ एकाच नावाची, पण तिच्याकडे नेणारे मार्ग दोन, असे चित्र पुढे आले.

२००२ मध्ये स्कॉट पोमेरॉय व सहकाऱ्यांनी हजारो जनुकांची सक्रियता एकाच वेळी मोजून मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूतील इतर ‘पीनेट’ गाठींहून वेगळा असल्याचे दाखविले. पुढील दशकात अमेरिका, नेदरलँड्स, कॅनडा आणि जर्मनीतील गटांनी स्वतंत्रपणे या अर्बुदाचे उपप्रकार शोधले. कोणी चार सांगितले, कोणी पाच वा सहा. अखेर २०१० मध्ये बोस्टन येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि विंट, सॉनिक हेजहॉग, गट तीन व गट चार या चार मुख्य गटांवर एकमत झाले. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. शेवटच्या दोन गटांमागील संदेशसाखळी निश्चित न झाल्याने त्यांना केवळ क्रमांक देण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हे जनुकीय गट आपल्या अधिकृत वर्गीकरणात समाविष्ट केले आणि ‘पीनेट’ हे नाव वगळले. २०२१ च्या आवृत्तीत हेजहॉग गटाचे ‘टीपी ५३’ जनुकातील दोषानुसार दोन भाग कायम ठेवण्यात आले. हा दोष असल्यास आजार अधिक गंभीर ठरतो आणि तो काही वेळा कुटुंबातच चालत आलेला असतो.

गट कळल्याने काय बदलले?

विंट गटातील मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले प्रचलित उपचारांनी बरी होतात. याउलट गट तीनमध्ये निदानाच्या वेळीच प्रसार झालेला असण्याचे प्रमाण जास्त असते, आणि ‘मिक’ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्यास धोका आणखी वाढतो.

जनुकांची तपासणी खर्चिक असल्याने ती सर्वत्र उपलब्ध होणे कठीण होते. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये यावर एक मार्ग प्रसिद्ध केला. रुग्णालयांत मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेल्या ऊतींवर, मोजक्याच जनुकांची व सूक्ष्म आरएनए रेणूंची पीसीआर तपासणी करून चारही गट ओळखण्याची ही पद्धत होती.

मात्र वर्गीकरण जे सांगते त्यापलीकडे जाणे धोक्याचे ठरू शकते, हेही मुंबईतच दिसून आले. विंट गटातील मुले इतकी चांगली बरी होतात, तर त्यांना संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूला किरण देणे टाळता येईल काय, याची टाटा मेमोरियल सेंटरमध्ये निवडक रुग्णांवर काळजीपूर्वक चाचणी घेण्यात आली. किरणोपचार केवळ गाठीच्या जागेपुरता ठेवल्यावर इतरत्र आजार परतू लागला आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभरच्या डॉक्टरांसाठी महत्त्वाचा ठरला. मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न अभ्यासाचा आहे. ती पूर्णपणे वगळणे सुरक्षित नाही.

हेजहॉगची साखळी रोखणाऱ्या औषधांबाबतही असाच अनुभव आला. काही रुग्णांत गाठ आकसली, परंतु वाढीच्या वयातील मुलांच्या हाडांची वाढ कायमची थांबण्याचा धोका दिसून आला.

शंभर वर्षांनंतर

कुशिंग आणि बेली यांचा मूळ विचार, म्हणजे गाठीचा उगम विकसनशील मेंदूच्या पेशीत शोधावा हा, योग्य ठरला आहे. चूक होती ती एकच पेशी मानण्यात. हेजहॉग गट लहान मेंदूच्या पृष्ठभागावरील पूर्वज पेशींतून उद्भवतो, तर विंट गटाचा उगम मस्तिष्कस्तंभाजवळ असल्याचे २०१० मधील संशोधनाने दाखविले. गट तीन व चार यांची मुळे गर्भाच्या लहान मेंदूच्या एका विशिष्ट कडेशी असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले अभ्यास सांगतात.

मेड्युलोब्लास्टोमा हे नाव आजही कायम आहे. परंतु निदानाच्या अहवालात आता केवळ हे नाव असणे पुरेसे मानले जात नाही. त्यापुढे गट कोणता हे नमूद असावे लागते. आपल्या मुलाच्या अहवालात तो नमूद आहे काय, हे पालकांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना अवश्य विचारावे.