पडद्यावर काय दाखवावं, तोंडाने काय सांगावं

भुसावळ रेल्वेचं गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. ते शिकण्या-शिकवण्याचंही मोठं केंद्र आहे, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. मध्य रेल्वेचं झेडआरटीआय, म्हणजे क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थान, इथे आहे. स्टेशन मास्तर आणि गार्ड (ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात) इथे नियम शिकून, परीक्षा देऊन आपापल्या स्टेशनावर रुजू होतात. नाहाटा, भोळे, कोटेचा ही कॉलेजं आहेत, इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जवळच दीपनगरचं वीज केंद्र आणि दोन आयुध निर्माणी आहेत. यावल-रावेरच्या पट्ट्यात केळी उत्पादकांचे मेळावे भरतात. वर्ग कुठलाही असो, आता समोर पांढरा पडदा असतो, वर प्रोजेक्टर असतो आणि पाहुण्या वक्त्याला पहिला प्रश्न येतो, "सर, पीपीटी आणलीय ना?"

या पीपीटीने शिकवणं सुधारलं की बिघडलं, हा प्रश्न गांभीर्याने विचारायची वेळ आली आहे. पडद्यावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे चित्र, नकाशा, आलेख. दुसरी म्हणजे वक्त्याचं टिपण. पहिलीने समज वाढते. दुसरीने ती बहुतेक वेळा कमी होते.

बैठकीतून वर्गात

पॉवरपॉइंटचा जन्म वर्गासाठी झाला नव्हता. अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांची कल्पना आणि डेनिस ऑस्टिन यांचं प्रोग्रामिंग यांतून ते तयार झालं. एप्रिल १९८७ मध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आलं. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या ट्रान्सपरन्सी छापून देणं, एवढंच तिचं काम. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी विकत घेतली आणि १९९० मध्ये विंडोजवरची आवृत्ती आली. कंपनीच्या बैठकीत आपला माल किंवा आपली योजना थोडक्यात मांडायची, हा मूळ हेतू. खुद्द गॅस्किन्स यांनी या उत्पादनाची व्यवसाय योजना लिहिली ती ५३ पानांची, सलग मजकुराची होती. सोबतच्या डझनभर स्लाइडमध्ये तिचा फक्त गोषवारा होता. पुढे जगाने गोषवारा ठेवला आणि ५३ पानं लिहिण्याची सवय सोडली.

चित्र दाखवून सांगणं महाराष्ट्राला नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीचे कागद एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारताची आख्यानं सांगत आले आहेत. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा आणि बाजूला निवेदन नि संगीत. या दोन्ही परंपरांत कामाची वाटणी स्वच्छ आहे. पडद्यावर चित्र, गोष्ट माणसाच्या तोंडी. कथेचा मजकूर चित्रावर लिहून तो प्रेक्षकांना वाचून दाखवण्याची कल्पना त्यांच्यापैकी कोणाला सुचली नसती.

कंट्रोलचा चार्ट

चांगलं चित्र किती सांगू शकतं, याचा उत्तम नमुना भुसावळच्याच कंट्रोल ऑफिसात आहे. गाड्यांच्या ये-जा करण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरचा चार्ट म्हणजे एक आलेख. एका बाजूला स्टेशनं: भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, पुढे पाचोरा. दुसऱ्या बाजूला चोवीस तासांची वेळ. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली की गाडी उभी आहे. शिरसोलीला मालगाडीची रेघ आडवी झालेली दिसते आणि तेवढ्यात मागून आलेली मेलची रेघ तिला ओलांडून पुढे जाते. मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली, मेल पुढे काढली, मग मालगाडी सोडली, हे जाणकाराला एका नजरेत कळतं. किती वाजता, किती वेळ, कोणासाठी, हेही त्याच रेघांत असतं. पूर्वी हा चार्ट कागदावर पेन्सिलने काढत. आता संगणक काढतो, पण पद्धत तीच आहे.

याच प्रकारचा आलेख एका प्रसिद्ध पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. आकडेवारीच्या चित्रणाचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या १९८३ च्या पुस्तकावर पॅरिस ते लिऑन गाड्यांचा आलेख छापलेला आहे. तो मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८८५ च्या ग्रंथातून घेतला आहे. पुढे २००३ मध्ये याच टफ्टींनी पॉवरपॉइंटवर सर्वांत धारदार टीका केली. स्लाइडवर मजकूर फार थोडा मावतो, म्हणून विचाराचे तुकडे होतात, आणि तुकड्यांमधला संबंध हरवतो, हा तिचा गाभा.

कंट्रोलचा चार्ट डोळ्यांसमोर ठेवला की ही टीका लगेच पटते. त्याच घटनेचे बुलेट पॉइंट करून पाहा. 'मालगाडी थांबवली. मेल वेळेवर. मालगाडीला उशीर.' तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण कोणामुळे काय झालं ते गेलं. 'म्हणून', 'कारण', 'तरीही', 'त्याआधी' हे शब्द सलग वाक्यात असतात, मुद्द्यांच्या यादीत नसतात. शिकायचं असतं ते नेमकं यांच्याच आधारे. पोरगं परीक्षेत सहा मुद्दे लिहून येतं आणि 'का?' विचारलं की गप्प बसतं, त्याचं एक कारण इथे आहे.

एका स्लाइडची किंमत

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान झेपावलं. आपल्या कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. आधीच्या चाचण्या लहान तुकड्यांवर झाल्या होत्या. प्रत्यक्षात आदळलेला तुकडा त्याहून ६४० पट मोठा असण्याची शक्यता होती. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात, बारीक अक्षरात होती. वरच्या मोठ्या अक्षरातल्या मथळ्याचा सूर दिलासा देणारा होता. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

अपघात फोममुळे झाला, स्लाइडमुळे नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तांत्रिक अहवालाच्या जागी पॉवरपॉइंटच्या स्लाइड वापरण्याच्या नासातल्या प्रथेवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नाव घेऊन बोट ठेवलं. २००४ मध्ये ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट बंद केलं. त्याऐवजी काही पानांचं सलग टिपण लिहायचं, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं आणि मग चर्चा करायची. आपल्याकडच्या आढावा बैठकांना ही पद्धत सहज लागू करता येईल.

ऐकू की वाचू?

वर्गात घडतं ते थोडं वेगळं. शिक्षक पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरची वाक्यं वाचतात. विद्यार्थी त्यांच्या आधीच ओळ वाचून संपवतो, कारण मनातल्या मनात वाचणं बोलण्यापेक्षा वेगाने होतं. मग तो थांबतो, आणि शिक्षकांचा आवाज मागून येत राहतो. वाचायचं की ऐकायचं या ओढाताणीत दोन्ही अर्धवट होतं. कॅलिफोर्नियातले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर प्रयोग केले. आकाशात वीज कशी तयार होते, हे काही विद्यार्थ्यांना हलत्या चित्रातून, तोंडी निवेदनासह दाखवलं. काहींना त्यावर पुन्हा मजकूरही दिला. मजकूर नसलेल्या गटाला विषय जास्त समजला. डोळा चित्रात आणि कान निवेदनात गुंतलेला असताना अक्षरं आली की ती डोळ्याचा वाटा खातात.

याला एक अपवाद आहे आणि खानदेशात तो महत्त्वाचा आहे. घरी लेवा गणबोली किंवा अहिराणी, शाळा मराठी माध्यमाची, आणि पहिल्या वर्षाला एकदम इंग्रजी तास, अशी कितीतरी मुलं इथल्या वर्गात असतात. त्यांना 'हिस्टेरिसिस'सारखा शब्द नुसता ऐकून पकडता येत नाही. तो स्पेलिंगसह पडद्यावर दिसला तर वही भरते आणि पुस्तकात शोधताही येतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही लिहिलेल्या शब्दाचा मोठा आधार असतो. तेव्हा संज्ञा, नावं, आकडे, सूत्रं पडद्यावर जरूर यावीत. परिच्छेद येऊ नयेत.

जिथे पडद्याला पर्याय नाही

केळीच्या मेळाव्यात पडद्याची खरी ताकद दिसते. काकडीवर्गीय पिकांतून येणाऱ्या सीएमव्ही विषाणूच्या रोगाला आपल्याकडे हरण्या म्हणतात. त्यात पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे येतात, झाड खुजं राहतं, कधी पोंगाही सडतो. करपा या दुसऱ्या रोगात सुरुवातीला बारीक रेघा, मग पिवळी कड असलेले तपकिरी ठिपके. अन्नद्रव्य कमी पडलं तरी पान पिवळंच होतं. हे तिन्ही शब्दांत कितीही सांगा, ऐकणारा प्रत्येक वेळी आपल्याच बागेतलं पान आठवणार. तीन पानांचे मोठे, स्वच्छ फोटो शेजारी-शेजारी ठेवले की फरक तिथल्या तिथे कळतो. हा फरक पैशाचा आहे. हरण्याला औषध नाही, तो मावा किडीमुळे पसरतो, म्हणून रोगट झाड वेळीच उपटून नष्ट करावं लागतं. करप्यावर मात्र फवारणी चालते. ओळख चुकली तर एकाला फवारा जातो आणि दुसऱ्याला कुदळ.

अशा जागा पुष्कळ आहेत. पेशीची रचना, तापीचं खोरं, अपघातस्थळाचा नकाशा, सिग्नलचे रंग, यंत्राच्या आतले भाग. हात लावता येईल अशी वस्तू उपलब्ध असेल तर मात्र ती स्लाइडच्या वरचढ ठरते. ब्लॉक इन्स्ट्रुमेंटवर लाईन क्लिअर, म्हणजे शेजारच्या स्टेशनाला गाडी सोडण्याची परवानगी, द्यायला शिकायचं तर त्याची मूठ स्वतः फिरवून पाहिली पाहिजे.

आणि गणिताला फळाच हवा. सिद्धता तयार स्लाइडवर आली की बारा पायऱ्या बारा सेकंदांत सरकतात. खडूने लिहिताना शिक्षकाचा हात विचाराच्या वेगाने चालतो, मध्ये थांबतो, मुलं विचारतात, चूक होते, पुसली जाते. विचार घडताना दिसतो. शिवाय एप्रिलच्या दुपारी भुसावळात पडदा दिसावा म्हणून खिडक्या-पडदे लावून घेतलेल्या खोलीत पन्नास मुलांनी तासभर बसणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वीज गेली की प्रोजेक्टर थांबतो, फळा थांबत नाही.

मोजायचं काय?

मग सगळीकडे पीपीटीच का? कॉलेजांच्या नॅक मूल्यमापनात आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, साधनांच्या वापराची विचारणा होते. हेतू चांगला आहे. पण किती खोल्यांत प्रोजेक्टर आहे आणि किती शिक्षक तो वापरतात, हे मोजणं सोपं आणि मुलांना काय समजलं हे मोजणं कठीण, म्हणून सोपं तेच मोजलं जातं. एकच पीपीटी वर्षानुवर्षं फिरते, तास संपला की व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि मुलं वही उघडणं सोडतात. प्राचार्यांनी आणि प्रशिक्षण केंद्रांच्या प्रमुखांनी तासाच्या शेवटी दोन-तीन मुलांना उभं करून 'आज काय शिकलात ते तुमच्या भाषेत सांगा' एवढं विचारलं, तरी खरं मोजमाप सुरू होईल.

शिकवणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी. विद्यार्थ्यांना द्यायचं टिपण वेगळं लिहा, सलग वाक्यांत, आणि ते छापून वाटा. एका स्लाइडवर एकच चित्र किंवा एकच आलेख ठेवा. बोलण्याकडे लक्ष हवं असेल तेव्हा पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवरचं बी अक्षर दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. वेलांट्या आणि रफार शेवटच्या बाकावरून दिसतील एवढं अक्षर मोठं ठेवा. केवळ लाल-हिरव्या रंगावर फरक सोपवू नका, काहींना तो दिसत नाही.

आणि पुढच्या व्याख्यानाची तयारी करायला बसाल तेव्हा पॉवरपॉइंट लगेच उघडू नका. आधी कागदावर दोन पानं लिहून काढा. जे लिहून नीट सांगता आलं, ते तोंडाने सांगा. जे शब्दांत मावलंच नाही, तेवढ्याचीच स्लाइड करा.