बेटावरच्या भावात बोटीचं भाडं

महाप्याहून तुमची बचत गटाची समन्वयक बोलतेय. आजचा विषय पाण्यावरच्या कायद्याचा. तो होतो दिल्लीत, पण त्याची किंमत मोजते बेटावर चूल पेटवणारी बाई.

आपल्या गटाचा माल न्यायला एक टेम्पोवाला जास्त पैसे मागू लागला, तर आपण दुसऱ्याला फोन लावतो. बेटावर दुसरा रस्ताच नाही. जे येईल ते बोटीने, आणि बोटीचं भाडं प्रत्येक वस्तूच्या भावात.

आपल्या देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा पहिला हक्क भारतीय जहाजांचा. परदेशी जहाजाला त्यासाठी नौवहन महासंचालकांचा परवाना लागतो. १९५८ च्या कायद्यात हे होतं, २०२५ च्या तटीय नौवहन कायद्यातही आहे. हेतू चांगला आहे. आपल्या खलाशांना काम मिळावं, अडीअडचणीला देशाची स्वतःची जहाजं असावीत. पण जहाजं थोडी असली की भाडं चढतं. अंदमान, लक्षद्वीपसारख्या बेटांना ते चुकवता येत नाही.

अमेरिकेतही १९२० पासून असाच आणि याहून कडक कायदा आहे. तिथल्या पोर्तो रिको बेटावर २०१७ च्या सप्टेंबरात मोठं वादळ आलं, तेव्हा मदत पोचावी म्हणून सरकारने तो दहा दिवस बाजूला ठेवला. एरवी मात्र बेटाने तो सोसायचाच.

आता आपल्या जवळचं घारापुरी बघा. उरण तालुक्यातलं हे बेट. तिथे कायमची वीज २०१८ साली समुद्राखालच्या केबलने पोचली. लेणी बघायला येणाऱ्यांना काकडी, कैरी, टोप्या, माळा विकून कितीतरी बायका घर चालवतात. तिथे प्रश्न परदेशी जहाजाचा नाही, बोटीच्या परवान्याचा आणि प्रवासी संख्येचा आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि माणसं दगावली. त्या बोटीला ८४ प्रवाशांची परवानगी होती, आत शंभरावर लोक होते. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली.

बोटीत माणसं कमी बसली की फेरी महाग पडते, हे खरं. म्हणून नियम सैल करा असं म्हणायचं नाही. जीव वाचवणारा नियम हवाच. मागायचं ते एवढंच, की त्याचा खर्च एकट्या बेटावर पडू नये.

खाडीपलीकडे माल नेणाऱ्या गटांनी तीन गोष्टी कराव्यात. हिशोबाच्या वहीत बोटभाडं वेगळं लिहा. चार गटांचा माल एका फेरीत न्या. आणि ग्रामसभेत त्या वहीतले आकडे दाखवून भाड्यात सवलत मागा. नुसत्या तक्रारीपेक्षा लिहिलेला आकडा जास्त बोलतो.

आणि बोटीत बसलात की जॅकेट मागून घ्या. लाजू नका.