गावची शाळा : कायदा काय सांगतो, गावाने काय करावे?



या पानावर आपण एरवी पेरणी, खते, रोग-कीड यांविषयी बोलतो. आज शाळेविषयी बोलू. माती परीक्षणाचा अहवाल समजून घ्यायचा, औषधाच्या डब्यावरचे प्रमाण वाचायचे, पीक विम्याचा अर्ज भरायचा, तर घरात नीट वाचता-लिहिता येणारे माणूस लागते. ते माणूस गावच्या शाळेत तयार होते.

दूध संस्थेत फॅट एका पॉइंटने कमी लागली तर आपण तिथल्या तिथे विचारतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंदावरून तास तास भांडतो. शाळेची गोष्ट निघाली, की मात्र "ते गुरुजींचं काम" म्हणून मोकळे होतो. कायद्याने हे काम गुरुजींइतकेच आपल्यावरही टाकले आहे.

हा हक्क आला कुठून?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, ही त्यांची तक्रार होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देशपातळीवर मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत आला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

शाळा व्यवस्थापन समिती

या कायद्याचे कलम २१ प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, असे ते सांगते. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात आणि बैठक महिन्यातून एकदा घ्यायची असते.

समितीची कामे चार. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे, आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणे आणि शासन नेमून देईल ती इतर कामे करणे. आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढे किती मुले येणार, किती शिक्षक लागतील, किती खोल्या कमी पडतील आणि पैसा किती लागेल, हे त्यात वर्षवार मांडायचे. म्हणजे आपण पिकांचे नियोजन करतो, तसेच हे समजा.

समिती कागदावर बहुतेक गावांत असते. पण बैठकीची वही घरी आणून सही-अंगठा घेतला, की बैठक झाली, असे चालू देऊ नका. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. घरच्या लक्ष्मीचे नाव समितीत असेल, तर बैठकीला तिनेच जावे. तिच्या जागी नवरोबांनी जाऊन बसणे कायद्याला धरून नाही.

शाळेत काय असावे?

पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. मुला-मुलींची वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण हेही त्यात आहे. जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तेव्हा पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनीही गुरुजींना ऊठसूट पंचायतीच्या कामाला बोलावू नये. शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही आणि मुलाला मारता येत नाही.

अभ्यासक्रम गावात ठरत नाही. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तो ठरवते आणि पुस्तके बालभारती काढते. पण तो वेळेत पुरा करणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पालकांना बोलावून मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हेही आहे. मग आपणही विचारावे. तिसरीतल्या पोराला पुस्तकातले पान वाचायला लावा. दोन मिनिटांत पीक कळते. पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम राज्याने २०२३ मध्ये केला आहे. त्यात कमी पडलेल्या मुलाला जादा शिकवणे आणि फेरपरीक्षा मिळते. आठवी पुरी होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळी झाली, की कित्येक बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. पोरे बरोबर जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. मूल मागे ठेवता येत असेल, तर आजी-आजोबांजवळ ठेवा. काही जिल्ह्यांत समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. आपल्या गावाला ते हवे असेल, तर कोयता निघण्याच्या आधीच समितीत विषय घ्या. मूल बरोबर न्यावेच लागले, तर मुक्कामाच्या गावी जवळच्या शाळेत घाला. जन्मदाखला नाही, दाखला यायला उशीर झाला किंवा वर्षाच्या मध्येच आला, या कारणांनी कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून खास शिकवण्याची तरतूदही कायद्यात आहे.

यात सगळ्या गावाचे हित आहे, बरं का. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. दहा मुले पटावरून गळाली, की उद्या एक गुरुजी जातात. मग दोन वर्ग एकत्र बसतात, ते पाहून आणखी चार जण आपली मुले तालुक्याला पाठवतात आणि शाळा आटत जाते. विहिरीचे झरे बुजतात, तसेच हे घडते.

घरात कोणी शिक्षक होऊ पाहत असेल तर

मुलगा किंवा मुलगी डी.एल.एड. करीत असेल, तर तिने हा कायदा पाठ करण्यापुरता वाचू नये. नोकरीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागते. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा. पण शाळेत रुजू झाल्यावर समितीला बरोबर घेणे जमले, तरच शाळा चालते. आतापासूनच गावच्या समितीची एखादी बैठक तिने बघावी.

आता एवढे करा

१) समितीच्या सदस्यांची नावे शाळेत विचारून घ्या. मुदत संपली असेल, तर पालकसभा लावायला सांगा.
२) विकास आराखडा आणि अनुदानाचा हिशेब बैठकीत वाचून घ्या.
३) शाळाबाह्य मुलांची यादी ग्रामसभेत ठेवा.
४) काम होत नसेल, तर लेखी तक्रार करा. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत म्हणणे ऐकून निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. अर्जाची पोच घ्या आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवा.