पगार वाढला, पण शिल्लक का घटली?

बदलीचा किंवा नव्या नोकरीचा कागद हातात पडला की घरात पहिली बेरीज होते ती पगाराची. समजा, पुण्यात साठ हजार मिळत होते आणि बंगळूरला ऐंशी हजार मिळणार आहेत. म्हणजे महिन्याला वीस हजारांचा सरळ फायदा! पेढे वाटले जातात, सामान बांधले जाते. सहा महिन्यांनी नवरा-बायको खर्चाची वही उघडून बसतात तेव्हा लक्षात येते की, पूर्वी महिनाअखेरीस जी रक्कम बँकेत शिल्लक राहायची तीसुद्धा आता राहत नाही. कोणी उधळपट्टी केलेली नसते. हिशेब मांडताना पगार नव्या शहराचा धरलेला असतो आणि खर्च मात्र जुन्या शहराचा.

कोणते शहर किती महाग, याच्या याद्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. मर्सर या संस्थेच्या २०२४ च्या यादीत २२६ शहरांमध्ये मुंबई १३६ वी होती आणि भारतातल्या शहरांत सर्वांत महाग. कोलकाता २०७ व्या क्रमांकावर, म्हणजे बरेच स्वस्त. पण ही पाहणी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशात पाठवलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी असते आणि तिची तुलना न्यूयॉर्कशी असते. नाशिकहून हैदराबादला निघालेल्या चौकोनी कुटुंबाला तिचा उपयोग तो किती?

सरकारी महागाई निर्देशांकाबाबतही एक गैरसमज घट्ट बसला आहे. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांचे किंमत निर्देशांक काढतो. २०१६ मधल्या किमती प्रत्येक केंद्रासाठी १०० धरल्या जातात. मुंबईची शंभरी मुंबईची आणि सोलापूरची शंभरी सोलापूरची. म्हणून एका शहराचा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला तर ते शहर महाग आहे, असा अर्थ होत नाही; तिथे २०१६ नंतर किमती जास्त वेगाने वाढल्या, एवढेच त्यातून कळते.

घरभाडे: खरा फरक इथेच

डाळ, साखर, साबण, चहा यांच्या भावांत शहरागणिक फार मोठा फरक पडत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मुंबईतली जकात गेली, आणि पाकिटबंद माल तर सगळीकडे छापील किमतीलाच मिळतो. पेट्रोलवर मात्र अजून राज्याराज्यांचा कर वेगळा आहे. खरी तफावत आहे ती डोक्यावरच्या छपरात.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले गेले. पन्नास लाखांवर वस्तीची आठ शहरे पहिल्या वर्गात: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर दुसऱ्या वर्गात आणि रत्नागिरीसारखी लहान गावे तिसऱ्या. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्याने १ जानेवारी २०२४ पासून हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ वेतन ४०,००० असेल तर मुंबईत १२,००० आणि नागपुरात ८,०००. पण कोलकात्यातही १२,०००च! लोकसंख्येवर वर्ग ठरला की भाड्याचा विचार मागे पडतो. हीच रक्कम कोलकात्यात बरीच कामी येते, तर मुंबईच्या उपनगरात तिच्यात एक खोली मिळवताना घाम फुटतो.

भाड्याइतकीच अनामत रक्कमही विचारात घ्यायला हवी, आणि नेमकी तीच लोक विसरतात. बंगळूरमध्ये दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची जुनी रीत आहे. आता काही घरमालक कमी घेतात. तरी भाडे २५,००० आणि अनामत दहा महिन्यांची असेल, तर अडीच लाख रुपये बिनव्याजी अडकून पडतात. सात टक्क्यांनी धरले तरी वर्षाला साडेसतरा हजारांचे व्याज बुडाले, म्हणजे महिन्याला जवळजवळ दीड हजार रुपये भाड्यात मिळवायचे. शिवाय घर सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली एखाद्या महिन्याचे भाडे कापले जाते, ते वेगळेच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेऊ नये असे म्हटले आहे, पण राज्याने तो स्वीकारल्याशिवाय तिथे लागू होत नाही. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी आणि दलालाची दलाली हा खर्च ठरलेलाच. घरमालकाने दुसऱ्या वर्षी घर रिकामे करायला सांगितले की तो पुन्हा करायचा.

पाणी, वीज आणि बसचे तिकीट

जाहिरातीत भाडे लिहिलेले असते, टँकरचे पैसे नसतात. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरकरांना हा अनुभव २०१६ मध्येच आला होता. २०२४ मध्ये बंगळूरची पाळी आली. अशा वेळी टँकरचा बोजा सोसायटीच्या देखभाल खर्चातून भाडेकरूवरच येतो. म्हणून घर बघायला जाताना स्वयंपाकघराच्या फरशीचे कौतुक थोडे कमी करावे आणि नळाला पाणी कुठून येते, हे आधी विचारावे. वॉचमनला विचारले तर जास्त खरे उत्तर मिळते.

दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत वीजबिल शून्य आणि ४०० युनिटपर्यंत सवलत सुरू झाली. पण मे-जूनमध्ये दोन खोल्यांत एसी चालू राहिले की ४०० ची मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही. पुढे डिसेंबरात रजया, हीटर आणि साऱ्या घराचे लोकरीचे कपडे. मुंबईकराला हा खर्च ठाऊकच नसतो.

दिल्लीत २०१९ च्या भाऊबीजेपासून सरकारी बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत झाला, कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये जून २०२३ पासून. मात्र कर्नाटकातली सवलत तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, तेव्हा नव्याने गेलेल्या गृहिणीने आधी पत्ता बदलून घ्यावा. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास आजही स्वस्त प्रवासात मोडतो. बदलापूर-विरारहून येणारा माणूस भाड्यात वाचवलेले पैसे रोजच्या तीन-चार तासांत चुकते करतो, एवढेच.

वहीत न येणारे खर्च

स्वयंपाकघर बदलायला मन तयार होत नाही. दिल्लीत हिवाळ्यात मटार-गाजराचे ढीग लागतात, कोलकात्यात मासळीची चंगळ. तिथे राहूनही ज्या घरात नारळ, कोकम, शेंगदाण्याचे तेल आणि ज्वारीचे पीठच हवे, त्या घराचे वाणसामान महागच पडणार. अर्ध्या सवयी आपल्या ठेवाव्यात, अर्ध्या तिथल्या घ्याव्यात. बंगळूर-हैदराबादला भाकरीवाल्यांची तेवढी पंचाईत होत नाही.

मुलांच्या शाळेत फीबरोबर भाषा येते. कर्नाटकात कन्नड, तेलंगणात तेलुगू आणि महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये शिकवणे कायद्याने बंधनकारक केलेले आहे. सातवी-आठवीतल्या मुलाला नवी लिपी गिरवायची तर एका शिकवणीची फी धरावी.

स्कूटर-गाडी सोबत नेणार असाल, तर बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाची तिथे पुन्हा नोंदणी करून रस्ता कर भरावा लागतो. जुन्या राज्याचा कर परत मिळवण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. सतत बदल्या होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच मालिका आली आहे. तिला पात्र असणाऱ्यांनी तिचा लाभ घ्यावा. गणपती, लग्नकार्ये आणि आई-वडिलांची आजारपणे यांसाठी गावी जाणे-येणेही वर्षातून तीन-चार वेळा होतेच. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ते हुकले की विमानाचे तिकीट किंवा तत्काळचा जादा आकार.

सर्वांत मोठी रक्कम मात्र बहुतेक घरांत वहीत लिहिलीच जात नाही. ती म्हणजे पत्नीने सोडलेल्या नोकरीची. वरच्या उदाहरणात तिला पुण्यात पंचवीस हजार मिळत असतील, तर वीस हजारांची वाढ पहिल्याच महिन्यात वजा पाच हजार होते. ती परिचारिका असेल तर नव्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, शिक्षिका असेल तर भाषेची अडचण आणि शैक्षणिक वर्ष सुरू होण्याची वाट. हे महिने कोणी मोजत नाही. ‘मिळेल की तुला तिकडे काहीतरी’ या एका वाक्यावर विषय संपवला जातो.

शक्य असेल तर एकट्याने आधी दोन-तीन महिने पेइंग गेस्ट म्हणून राहावे, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना त्यांची भाड्याची पावती आणि वीजबिल किती येते ते विचारावे आणि अनामतीसाठी कंपनीकडून आगाऊ रक्कम मागावी. अशी मागणी नोकरी स्वीकारण्यापूर्वी करावी. एकदा रुजू झाल्यावर ती कोणी फारशी मनावर घेत नाही.