रुग्णालयातील खोळंबा : आवक आणि उचल

चाळीस वर्षे घाऊक धान्यव्यापारात घालविलेल्या मॅट्रिक शिकलेल्या माणसाने रुग्णालयांच्या व्यवस्थेवर लिहावे, हे काही वाचकांस धारिष्ट्याचे वाटेल. परंतु आवक आणि उचल यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, हे आम्हां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. वखारीतील माल उचलला गेला नाही की सुगीत दारापुढे गाड्यांची रांग लागते. अशा वेळी दारावर आणखी एक मुनीम बसविला तर नोंदी झटपट होतील. पोती मात्र उतरणार नाहीत.

गतवर्षी माझे धाकटे बंधू एका मोठ्या शहरातील रुग्णालयात होते. सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टरांनी त्यांस घरी जाण्याची अनुज्ञा दिली. प्रत्यक्ष निघण्यास सायंकाळचे सहा वाजले. डिस्चार्जचा कागद लिहिणारे तरुण डॉक्टर शस्त्रक्रियेस गेलेले, उरलेली औषधे परत करावयाची, मग बिल, मग विमा कंपनीची संमती. खाली अपघात विभागात एक वृद्धा दुपारपासून स्ट्रेचरवर पडून होत्या. त्यांचा मुलगा मला विचारी, "काका, वर खाट रिकामी झाली का हो?" त्याला काय सांगावे! ती खाट आम्हीच अडविली होती.

रांग दारात दिसते, म्हणून सुधारणाही दारातच होतात. 2015 पासून आपल्याकडील मोठ्या सरकारी रुग्णालयांत घरबसल्या ऑनलाइन नोंदणीची सोय होऊ लागली. तिने खिडकीवरची तिष्ठ वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण खाटेची वाट पाहणाऱ्यास तिचा काय उपयोग?

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तातडीच्या विभागात कोणासही चार तासांहून अधिक थांबावे लागू नये, असे तेथील सरकारने 2000 साली ठरविले व 2004 अखेरची मुदत घातली. प्रारंभी मोठी सुधारणा झाली. तथापि चार तास भरण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलविण्याची एकच घाई उडते, असेही अभ्यासकांना आढळले. पुढे 2010 मध्ये प्रमाण शेकडा 98 वरून 95 वर आणले. तेही जुलै 2015 नंतर देशभराच्या हिशेबात गाठता आलेले नाही. वरच्या खाटांवर बरे झालेले वृद्ध पडून असतात, कारण घरी त्यांची शुश्रूषा करणारे कोणी नसते. दारावरच्या घड्याळाने ती खाट कशी मोकळी व्हावी?

जॉन लिटल या अमेरिकन विद्वानाने 1961 साली एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. रोजची आवक गुणिले मुक्कामाचे दिवस, म्हणजे आत असलेल्यांची संख्या. रोज 40 रुग्ण येऊन सरासरी पाच दिवस राहिले तर 200 खाटा लागतात. प्रत्येकाचा अर्धा दिवस कागदपत्रांत गेला की 220. म्हणजे 20 खाटा नुसत्या सहीची वाट पाहतात! त्यातच, ठरवून करावयाच्या शस्त्रक्रिया सोयीच्या दोन-तीन वारीच एकवटल्या, तर त्या दिवशी खाटांची ओढाताण होते आणि रविवारी त्या ओस पडतात. हा चढउतार रोगाने नव्हे, वेळापत्रकाने निर्माण केलेला असतो.

देणग्या देणारी आपली मंडळीही बहुधा बाह्यरुग्ण विभागाचा दर्शनी दिवाणखाना बांधून देतात, कारण शिलालेख तेथेच शोभतो. दुपारच्या आत डिस्चार्जचे कागद पुरे करणाऱ्या दोन कारकुनांच्या पगारासाठी देणगी दिल्याचे मी ऐकलेले नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने मे 2024 मध्ये कंपन्यांस डिस्चार्जच्या संमतीसाठी तीन तासांची मर्यादा घातली, हे उत्तम झाले. परंतु ते तीन तास रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून मोजले जातात. विनंती निघण्यापूर्वीचा वेळ कोणाच्याच खाती पडत नाही. आणि दोष केवळ रुग्णालयाचा म्हणावा, तर बंधूंना आणावयास गेलेली आमची गाडीही त्या दिवशी दुकानचे काम आटोपून पाच वाजल्यानंतरच निघाली होती.