रजेचे अखेरचे आठ दिवस

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द शोभेसाठी जोडलेला नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे नावही असेच पडलेले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अशा गावांतून पिढ्यानुपिढ्या पलटणीत माणसे गेली आणि त्यांच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र जवान रजा संपवून सरहद्दीवर निघण्यापूर्वी त्याच्या घरात जे आठ दिवस जातात, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखकाने माध्यमिक शाळेतील नोकरी सांभाळून अनेक वर्षे अशा घरांचे अर्ज व पत्रे लिहून दिली. या आठ दिवसांत काय होते आणि काय व्हावयास हवे ते राहून जाते, हे त्यामुळे जवळून पाहावयास मिळाले.

जवानास वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. पलटण ‘पीस’मध्ये असेल आणि क्वार्टर मिळाले असेल, तर बायकामुले त्याच्याजवळ राहू शकतात. पलटण ‘फील्ड’मध्ये जावयाची झाली की बहुतेकांना बिऱ्हाड मोडून गावी यावे लागते. वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत निवासस्थाने आहेत, पण ती सर्वांना पुरत नाहीत. मुलांची शाळा मध्येच बदलते. काल हिंदीत कविता म्हणणारे पोर आज जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी बाराखडीशी झगडू लागते. आणि चार वर्षे स्वतःचा संसार स्वतः चालविलेली स्त्री पुन्हा सासूच्या चुलीपाशी येऊन बसते. या शेवटच्या गोष्टीचा ताण आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

मग तयारी सुरू होते. काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर पुसट झालेला असतो, तो नव्याने रंगविला जातो. शेंगदाण्याची चटणी, चकल्या, पलटणीतल्या सोबत्यांसाठी कंदी पेढे असा सरंजाम सिद्ध होतो. पुण्याहून सुटणाऱ्या झेलम एक्सप्रेसचे आरक्षण आधीच झालेले असते. निघताना हातावर दही पडते, ओवाळणी होते आणि ‘जातो’ असे कोणी म्हणत नाही, ‘येतो’ असेच म्हणतात. हे सारे यथासांग होते. होत नाही ते कागदांचे काम, कारण ते काढले की मृत्यूचा विषय निघतो. एका घरी मुलाने विम्याचा विषय काढताच आई म्हणाली, “तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये रे.” तो गप्प बसला. पुढे महिन्याभराने कारगिलहून त्याचा मला फोन आला, की ‘गुरुजी, तेवढे अर्जाचे राहिलेच.’

काय राहते? सर्वांत आधी नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा अद्याप पुष्कळ घरांत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, बँकेत तिसरेच. जवानाचा विवाह व मुलांचे जन्म पलटणीमार्फत अभिलेख कार्यालयात नोंदवावे लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असे कार्यालय बेळगावी आहे. तेथील नोंदीत जे नाव असेल तेच पत्नीचे नाव. एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे निवृत्तिवेतनाचा कागद अडकतो आणि प्रतिज्ञापत्रे करीत तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नवरा घरी असताना हे काम चार दिवसांचे असते, तो नसताना त्याला वर्षही लागते. मी असे एक प्रकरण पाहिले, ज्यात दुसऱ्या मुलाची नोंदच झालेली नव्हती आणि मूल सहा वर्षांचे होते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. सेनेच्या सामूहिक विम्याची रक्कम कोणास मिळावी याचे नामनिर्देशन जवान करतो. भरती होताना तो अविवाहित असतो, म्हणून आईचे वा वडिलांचे नाव लिहितो. लग्नानंतर ते बदलावे की नाही, यावर घरात उघड बोलणे होत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन सामान्यतः पत्नीस नियमानेच मिळते. आईबापांच्या मनातली भीती नेमकी येथे असते : सून तरुण आहे, उद्या ती माहेरी गेली तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहावे? ही भीती खोटी म्हणून उडवून लावणे बरे नव्हे. पण तिच्यावर उपाय म्हणून सुनेला अंधारात ठेवणे, हा मात्र अन्याय आहे. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतरही हवा असेल तर विधवेने दिवंगत पतीच्या भावाशीच लग्न केले पाहिजे, ही अट आपल्या सरकारला रद्द करावयास २०१७ साल उजाडावे लागले, हे आठवले म्हणजे ही वृत्ती केवळ खेड्यातल्या सासूची नाही हे ध्यानी येते. माझ्या मते जवानाने आईवडील आणि पत्नी यांना एकत्र बसवून, कोणाचा वाटा किती हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. त्याच्यावाचून हे दुसरा कोणी सांगू शकत नाही.

बँकेचे खातेही बहुधा एकट्याच्या नावे असते. मनिऑर्डर होती तेव्हा पोस्टमन पैसे निदान घरात आणून देत असे. आता पगार थेट खात्यात जमा होतो आणि कार्ड मात्र जवानाच्या खिशात सरहद्दीवर जाते.

भाऊबंदकीचे दावे हा आणखी एक विषय. बांधाचा तंटा नेमका जवान निघून गेल्यावर उकरून काढण्याची रीत जुनी आहे. सैनिकांच्या दाव्यांसंबंधी १९२५ चा एक कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचे दिवाणी वा महसुली काम त्यान्वये तहकूब होऊ शकते, पण तशी माहिती व प्रमाणपत्र न्यायालयापुढे यावे लागते. हे घरातल्या स्त्रीला ठाऊक असेल तर ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाईल. नसेल तर नोटीस आंधळेपणाने हाती घेऊन रडत बसेल.

गेल्या वर्षी एका जवानाने मात्र निघण्यापूर्वी दोनशे पानी वहीत सारे लिहून काढले. विम्याचा क्रमांक, सोसायटीचे कर्ज, पलटणीचा ‘५६ ए.पी.ओ.’ असलेला पत्ता, कंपनीच्या सुभेदार साहेबांचा फोन, कालव्याच्या पाण्याची पाळी. वही बायकोच्या हाती देऊन तो म्हणाला, “यात सगळं आहे.” तिने उभ्याउभ्या चार पाने चाळली आणि म्हणाली, “अहो, मोटारीचा स्टार्टर पाऊस पडला की अडकतो. ते यात नाही. चला, दाखवा मला.” सकाळी सहाची एस.टी. होती. रात्री दहा वाजता दोघे बॅटरी घेऊन विहिरीकडे गेले.